वांग्याच्या फुलाचा रंग

दैवशाला जाऊन आठ महिने झाले होते, तेव्हा मच्छिंद्रनं आतली खोली रंगवायला काढली. धावडा गावातले लोक म्हणाले, याचं डोकं फिरलं. ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घराला वर्ष सरेपर्यंत कोणी रंग देत नाही, चुनासुद्धा लावत नाही. मच्छिंद्रला हे माहीत होतं. पण त्याची एकुलती एक लेक तृप्ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती, आणि पोटातलं पोर काही वर्ष सरायची वाट बघणार नव्हतं.

तृप्तीच्या सासरचे तिला पाठवायला राजी नव्हते. घरात आई नाही, दुसरी बाई नाही, मग बाळंतीण सांभाळणार कोण? जावई अंगद हसनाबादहून मुद्दाम आला आणि त्यानं चहाचा कप न पिताच खाली ठेवला.

"मामा, वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणाला. "पण तुमच्याच्यानं व्हनार हाये का हे?"

"व्हईन. चांगुणामावशी रोज न्हाऊ घालायला येनार हायेत. स्वयंपाक मला येतो."

"तिला नायतर लेकराला जरा बी काही झालं, तर मी त्याच दिवशी घेऊन जाईन. मंग तुमी मधी बोलायचं न्हाई."

"बराबर हाये," मच्छिंद्र म्हणाला.

दैवशाला असती तर तिनं जावयाला दोन शब्द सुनावले असते. मच्छिंद्रला ते जमलं नाही. त्याला एवढंच कळत होतं की लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला पाहिजे, आणि ते आतल्या खोलीत व्हायला पाहिजे. दैवशालानं तेच ठरवलं होतं. आजारी पडायच्या आधी, परसात वांगी तोडताना तिनं एक फूल त्याच्यापुढं धरलं होतं. म्हणाली होती, "तृप्तीच्या बाळंतपनाला आतली खोली अशी करायची. हाच रंग. भडक न्हाई अन मळका बी न्हाई." तो हसला होता. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तिनं पुन्हा तेच सांगितलं, तेव्हा तो हसला नाही.

म्हणून दिवाळी झाल्यावर त्यानं परसातलं एक फूल तोडलं, ओल्या रुमालात गुंडाळलं आणि एसटीनं भोकरदनला गेला.

रंगाच्या दुकानातल्या माणसानं फूल हातात घेऊन उलटंपालटं केलं. "काका, भिंत रंगवायची का भरीत करायचं?"

"ह्या रंगाचा डबा पायजे."

"हे तर सुकून गेलं की."

सुकलंच होतं. गाडीतल्या गर्दीत रुमाल वाळला होता आणि फुलाचा जांभळेपणा उतरून त्याला राखाडी झाक आली होती. दुकानदारानं कार्डावरचे रंग एकेक करून फुलाशेजारी धरले. मच्छिंद्र डोळे बारीक करून बघत राहिला. घरचं ताजं फूल त्याला आठवेना. दैवशालाच्या हातातलं फूल तर मुळीच आठवेना. शेवटी हातातल्या फुलाशी जो रंग जुळला, तोच त्यानं मशीनवर कालवून घेतला.

रंगारी राजानंद गावातलाच, तिशीतला पोरगा. त्यानं डबा उघडला आणि काडीनं ढवळत म्हणाला, "काका, हा थोडा मेल्यावानी दिसून राह्यला."

"लाव तू. भिंतीवर उजळंल."

"दुसरं एक सांगू का? भिंत पांढऱ्या मातीची हाये. हिला पुट्टी अन प्लास्टिक पेंट नगं. चुन्यात जांभळी पूड टाकून मारतो. मातीला हवा लागती."

मच्छिंद्रनं तसं करून बघू दिलं. कोपऱ्यात हातभर जागेवर राजानंदनं चुना मारला. वाळल्यावर तो पांढराफटक झाला, जांभळ्याचा मागमूससुद्धा राहिला नाही.

"हे न्हाई चालनार," मच्छिंद्र म्हणाला. "डब्यातलाच मार."

"मारतो. आता भिंत बिलकुल कोरडी हाये, म्हून जमतंय. पन बाहेरून हिला पानी लागू देऊ नका. लागलं तर आत जिरंल अन बाहेर पडायला वाट ऱ्हानार न्हाई."

चार दिवसांत चारही भिंती झाल्या. पुट्टीनं त्या शहरातल्या भिंतींसारख्या सपाट दिसू लागल्या. दरसाल दसऱ्याला दैवशाला पांढऱ्या मातीचा पोतारा द्यायची, तेव्हा तिच्या बोटांच्या रेघा भिंतीवर उठायच्या. त्या आता दिसत नव्हत्या. रंग मात्र उजळला नाही. दिवसासुद्धा खोलीत संध्याकाळ झाल्यासारखं वाटायचं. मच्छिंद्रनं स्वतःची समजूत घातली की ढगाळ हवा आहे.

पाण्याचं राजानंदनं सांगितलेलं तो विसरला नाही. त्यानं मागच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला, म्हणजे पावसाचा थेंब लागायला नको. मग त्याच्या मनात आलं, बाळंतिणीला आंघोळीला अंगण ओलांडून जावं लागेल, वारं लागेल. म्हणून त्या गिलाव्याला लागूनच नवी न्हाणी बांधली. फरशी त्यानं स्वतःच बसवली. आयुष्यात पहिल्यांदाच बसवली, पण बरी बसली. सिमेंट आहे, फरशी आहे, मोरी आहे, पाणी जाईल वाटेनं, असा त्याचा हिशेब होता. पाणी म्हणजे पाऊस, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

आठवा महिना सरत आला तेव्हा तृप्ती माहेरी आली. दारातच थांबून तिनं खोलीकडं पाहिलं.

"दादा, हे काय करून ठेवलं?"

"तुझ्या आईनं सांगितल्तं."

"लई शहरी झालं. आता एक सोफा अन कुत्रं आना." ती हसली. मग आत जाऊन भिंतीवर हात फिरवत म्हणाली, "गार लागती हो."

मार्गशीर्षात तालुक्याच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी दोघी घरी आल्या. मच्छिंद्रनं बाज टाकली, बाजेखाली शेगडी ठेवली, ओव्याची धुरी केली. चांगुणाबाई रोज सकाळी येऊ लागली. सत्तरी ओलांडलेली ही बाई गावातल्या निम्म्या लोकांना पहिली आंघोळ घालून बसली होती. तिनं तृप्तीलाही घातली होती. नवी न्हाणी बघून तिनं तोंड वाकडं केलं.

"मच्छिंद्रा, रंग दिला तो दिला, अन न्हानी बी बांधली? एक वरीस दम निघाला न्हाई तुला?"

"मावशी, पोरगी येनार व्हती."

"तुझी बायकू बघून राह्यली आसंल वरून. जाऊ दे. पानी काढ. पोरगीला धा बादल्या लागतील, लेकराला दोन."

रोज बारा बादल्या कढत पाणी न्हाणीत पडू लागलं. मच्छिंद्र चुलीवर हंडा चढवायचा, उतरवायचा आणि पुन्हा चढवायचा. पहाटे उठून भाकरी, शेपूची भाजी, डिंकाचे लाडू, सगळं तो करत होता. दैवशाला गेल्यापासून पहिल्यांदा त्याला रात्री झोप लागत होती.

बाराव्या दिवशी बारसं झालं. बाळाचं नाव अर्पिता ठेवलं. त्या दिवशी दुपारी बायका निघून गेल्यावर मच्छिंद्र खोलीत आला आणि मागच्या भिंतीपुढं उभा राहिला.

भिंतीच्या खालच्या अंगाला रंग बदलला होता. जमिनीपासून मांडीएवढ्या उंचीपर्यंत तो राखाडीपणा गेला होता आणि तिथं खरा जांभळा उतरला होता. ताजा. सकाळी परसात उमललेल्या वांग्याच्या फुलासारखा. त्यानं वाकून हात लावला. थंडगार होतं, पण हाताला पाणी लागलं नाही.

त्याला दैवशालाचा हात आठवला. फूल पुढं धरलेला हात, नखात माती. इतके दिवस धडपडून जे आठवत नव्हतं ते त्या भिंतीनं एका क्षणात समोर आणून ठेवलं. तो तिथंच खाली बसला.

रोज ते जांभळं वर चढत होतं. पंधराव्या दिवशी कमरेएवढं झालं. वर जाताना ते निमुळतं होत गेलं, बाजूला फाटे फुटले, आणि कोणी बाई भिंतीला पाठ लावून बसावी तसा आकार आला. मच्छिंद्र कोणाला बोलला नाही. तृप्तीच एकदा बाळाला पाजताना म्हणाली, "दादा, ती बघा. आई बसल्यावानी दिसती न्हाई का?"

"तुला बी दिसती?"

"पयल्यांदा भ्या वाटलं. आता न्हाई वाटत."

मच्छिंद्रला एवढं बरं वाटलं की तो परसात जाऊन रडला.

भिंतीच्या बुडाशी मुंग्या निघाल्या होत्या. पांढरी अंडी तोंडात धरून त्यांची रांग उंबऱ्यापलीकडं चालली होती. त्यानं हळद टाकली. हळदीला वळसा घालून रांग तशीच चालू राहिली. खोलीत ओव्याच्या धुरीतूनही एक वास यायचा, पेरणीच्या दिवसांत उकरलेल्या मातीचा. आणि दुपारी सगळं शांत असलं की भिंतीतून बारीक आवाज यायचा. कोणी सावकाश घोट घ्यावा तसा. तो आवाज ऐकायला मच्छिंद्र जेवण झाल्यावर मुद्दाम भिंतीपाशी बसू लागला.

अठराव्या दिवशी दैवशालाचा फोटो खाली आला. तो त्याच भिंतीवर होता. काच फुटली नाही, खिळाच फोटोसकट निसटला होता. मच्छिंद्रनं त्याहून मोठा खिळा आणला. हातोडी शोधत बसण्याआधी त्यानं खिळा नुसता टेकवून जागा बघितली, तर तो अंगठ्यानं दाबताच बोटभर आत गेला. मच्छिंद्रनं फोटो टांगला आणि म्हणाला, "घे. तुझं तूच धरून बस."

विसाव्या दिवशी राजानंद बाळाला बघायला आला. झबलं आणलं होतं. बाळाकडं त्यानं जेमतेम पाहिलं असेल.

"काका, हे कव्हापासून?"

"आठ दिस झाले."

राजानंदनं भिंतीला कान लावला. मग अंगठ्यानं रंग दाबला. रंग फुगलेल्या पापडासारखा आत गेला आणि परत वर आला. "हे खरवडून काढा. आजच. म्या येतो हत्यार घेऊन. सगळी पुट्टी काढू, भिंत उघडी करू. मंग बघू कितपत—"

"न्हाई."

"काका, पानी जिरून राह्यलं आत."

"कुठलं पानी? पौष महिना चालू हाये. पाऊस कुठं पडला?"

"ते मला न्हाई म्हाईत. पन ही भिंत मला बरी दिसत न्हाई."

"तुला हा रंग पयल्यापासून बरा दिसत न्हाई," मच्छिंद्र म्हणाला. आवाज चढला तसा बाळ रडू लागलं. "आता बराबर आला तर खरवडायला निघाला. जा तू."

राजानंद तृप्तीकडं बघत उभा राहिला. तृप्ती बापाकडं बघत होती. मग तो चपला घालून गेला.

त्या संध्याकाळी मच्छिंद्रनं आणखी एक गोष्ट केली. बाज दाराजवळ होती. त्यानं ती ओढून मागच्या भिंतीला लावली.

"काहून दादा?"

"इकडं वारं येतं दारातून. अन तुझी आई बी जवळ ऱ्हाईल."

तृप्तीनं बाळाला आतल्या अंगाला, भिंतीकडं निजवलं. पडू नये म्हणून.

चोविसाव्या दिवशी सकाळी आंघोळी उरकल्या. तृप्ती बाळाला कुशीत घेऊन बाजेवर पडली होती, शेगडीचा शेक चालू होता. चांगुणाबाई न्हाणीतून बाहेर आली, पण नेहमीसारखी चहा मागायला चुलीपाशी गेली नाही. ती घराच्या मागं गेली, मोरीचं पाणी जिथं परसात पडतं तिथं वाकून बघत राहिली.

"मच्छिंद्रा, इकडं ये."

तो हंडा पुसत गेला.

"म्या रोज बारा बादल्या ओतते. बराबर?"

"बराबर."

"हे बघ." मोरीखालच्या खड्ड्यात कसंबसं बादली-दोन बादल्यांचं पाणी होतं. आजूबाजूची माती कोरडी होती. "रोज बघून राह्यले. बाकीचं पानी कुठं चाललं रं?"

मच्छिंद्रनं खड्ड्याकडं पाहिलं. मग न्हाणीकडं पाहिलं. फरशी आणि घराची भिंत जिथं मिळते तिथं, कोपऱ्यात, बोट जाईल एवढी फट होती. त्यानंच सोडलेली. सिमेंट कमी पडलं होतं तेव्हा. फरशीचा उतार मोरीकडं नव्हताच, त्या फटीकडं होता.

तीन आठवडे. रोज बारा बादल्या.

हंडा त्याच्या हातातून पडला. तो पळत घराला वळसा घालून आत आला. तृप्तीचा डोळा लागला होता. तिच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर भिंतीचं पोट बाजेवर आलं होतं. सकाळी ते तसं नव्हतं. रंगाला कुठं चीर नव्हती. ताजा, सुंदर रंग. दैवशालाचा फोटो पुढं झुकून बाजेकडं बघत होता.

"तृप्ते, ऊठ."

"काय झालं?"

"लेकरू घे अन बाहेर जा."

"आत्ता तर न्हाले, वारं लागंल—"

"जा म्हनतो ना!"

असा आवाज तिनं बापाचा कधी ऐकला नव्हता. बाळाला छातीशी धरून ती उठली. तोल गेला, चांगुणाबाईनं दारातून हात घातला आणि तिला बाहेर ओढलं. मच्छिंद्र आतच राहिला. का राहिला ते त्यालाही कळलं नाही. त्यानं दोन्ही तळहात त्या रंगावर टेकले. आत सगळं हलत होतं, मळलेल्या कणकेसारखं. रंगाच्या कातड्यानं ते कसंतरी धरून ठेवलं होतं.

"दैवशाला," तो म्हणाला.

नुसता मातीचा वास आला. त्यानं हात काढले आणि उंबऱ्याबाहेर उडी टाकली.

मोठा आवाज झाला नाही. ओलं पोतं पडावं तसा झाला. भिंत बुडातून बसली आणि पुढं आली. तुळईनं एक हिसका घेतला, दोन पत्रे तिरपे झाले, बाजेचे चारही पाय एकदम मोडले. शेगडी चिखलात विझली तेव्हा वाफेचा लोट दारातून बाहेर आला. तो निवळला तेव्हा खोलीतून परस दिसत होतं.

गाव जमलं. कोणीतरी पाण्याचा तांब्या आणला. तृप्ती अंगणात ओट्यावर बसली होती, चांगुणाबाईनं तिच्या डोक्यावरून घोंगडी घातली होती. बाळ झोपलेलंच होतं. बायका एकमेकींना सांगत होत्या, दैवशालानंच हाक मारली, तिनंच लेकीला बाहेर काढलं, आईचा जीव हो, दुसरं काय. तृप्तीही तेच म्हणत होती. रडत होती आणि म्हणत होती.

"दादा, आईनं वाचवलं. ती तिथं बसल्ती ना, म्हून भिंत इतके दिस उभी राह्यली. व्हय ना?"

मच्छिंद्रचे हात कोपरापर्यंत मातीनं भरले होते. सगळे त्याच्याकडं बघत होते. हो म्हटलं असतं तर झालं असतं. पोरगी आयुष्यभर तसं मानून राहिली असती. त्यालाही कदाचित तसं मानून राहता आलं असतं.

"न्हाई," तो म्हणाला.

"काय न्हाई?"

"ती तुझी आई नव्हती. पानी व्हतं. न्हानीची फरशी म्या उलटी बसवली, सगळं पानी भिंतीत गेलं. राजानंद सांगून गेल्ता. म्या त्याला हाकलून दिलं." त्यानं अंगठ्यानं हातावरची माती खरवडली. "अन बाज म्याच तिकडं सरकवली. मला तो रंग पायजे व्हता."

तोवर कोणीतरी अंगदला फोन लावला होता, तो निघाला आहे, दोन वाजेपर्यंत पोचेल, असं चांगुणाबाई हळूच म्हणाली.

तृप्तीनं बापाकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं, एखाद्या अनोळखी माणसाचं तोंड नीट लक्षात ठेवावं तसं. तो जवळ येऊन ओट्यावर बसला, बाळाच्या अंगावरचं फडकं सरकलं होतं ते सारखं करायला त्यानं हात पुढं केला.

तृप्तीनं बाळाला उचललं आणि दुसऱ्या खांद्यावर घेतलं, त्याचा हात पोचणार नाही अशा बाजूला.